रस्त्यावर स्पॅनिशच का ऐकू येतं?

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळा तिथल्या मूळच्या बास्क भाषेच्या माध्यमाच्या, पाट्या बास्क आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, बास्कला चालना देणारा कायदाही 1982 पासून आहे, मग उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओ शहराच्या रस्त्यांवर स्पॅनिशच का, असं तू विचारलंस. लोकांना लाज वाटते, हे उत्तर देण्याची घाई करू नकोस. आधी गणित बघ. दहातल्या तिघांना बास्क येतं आणि माणसं कशीही एकत्र जमतात असं धर. दोघं भेटले, तर दोघांनाही ती येत असण्याची शक्यता 9 टक्के. तिघांत ती 2.7 टक्के होते, चौघांत एक टक्काही उरत नाही. हे गणित महत्त्वाचं, कारण बास्क न येणारा एक जण आला की सगळे स्पॅनिशवर येतात, आणि तो उठून गेला तरी बहुधा तिथेच राहतात. (आपल्या लोकलमध्ये दोन मराठी माणसं तासभर हिंदीत बोलतात, तसंच.) सगळ्या बास्क प्रदेशात 2021 साली रस्त्यावरचा वापर 12.6 टक्के भरला. बोलणारे एकमेकांच्या आसपास राहतात, म्हणून तो एवढा तरी आहे.

दुसरी अडचण सोयीची. शाळेत बास्क शिकलेल्या मुलाला त्या भाषेत निबंध जमतो, पण चेष्टा आणि भांडण घरच्या भाषेत सुचतं. मधल्या सुट्टीत नेमकं तेच लागतं.

रस्त्यावरची भाषा मोजण्याच्या तुझ्या प्रकल्पासाठी प्रश्नावली काढू नकोस. विचारलं की लोक वापर वाढवून सांगतात. तिकडे 1989 पासून करतात तसं कर: ठरलेल्या रस्त्यांवरून चालायचं, कुणाला काही विचारायचं नाही, कानावर पडेल ते टिपायचं. भाषा, अंदाजे वय, सोबत लहान मूल आहे का. संभाषणं नव्हे, माणसं मोज. नाहीतर दोघांची कुजबुज आणि सहा जणांचा गोंगाट सारखाच धरला जाईल. फक्त शाळा सुटायच्या वेळी गेलीस तर आकडा फुगेल, कारण मुलं बरोबर असली की मोठी माणसंही बास्क जास्त बोलतात.

2018 साली सुरू झालेल्या 'एउस्काराल्दिया' मोहिमेतले बिल्ले बघून ठेव. एक बिल्ला समजणाऱ्या प्रत्येकाशी बास्कच बोलणाऱ्याचा, दुसरा 'माझ्याशी बास्क बोला' म्हणणाऱ्याचा. समोरच्याला येतं की नाही, ही शंका बिल्ला बघताच फिटते. तू अजून शिकते आहेस, तेव्हा दुसरा घे. पहिल्या भेटीत जी भाषा ठरते ती सहसा बदलत नाही, म्हणून नव्या ओळखी बास्कमधूनच कर. जुन्या मैत्रिणींपैकी एक-दोघींशी आधी बोलून ठरव. सगळ्या कंपूची भाषा एकदम बदलायला जाऊ नकोस.

तुझे,
बाबा