७६ सेंटिमीटर शांतता

चि. मनवा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलेली होतीस, म्हणून मी ऐकून घेतलं. "आई, मी माध्यमनिर्मिती शिकायला आलेय, निबंध लिहायला नाही," असं म्हणालीस. माहितीपट जेमतेम वीस मिनिटांचा आणि त्याच्यासोबत जोडायचं लिखाण मात्र पानंच्या पानं. त्यातही प्रत्येक निर्णयामागचं कारण द्यायचं. तेवढ्या वेळात रंग नीट करता आले असते, आवाजांचा मिक्स सुधारता आला असता, हे तुझं म्हणणं मला समजतं. तरी या बाबतीत मी तुझ्या गाईडच्या बाजूची आहे. का, ते फोनवर धड सांगता आलं नसतं.

मी संकलन शिकले तेव्हा आवाज हातात धरता यायचा. पाव इंच रुंदीची टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगानं धावायची. रिळं हातानं मागंपुढं फिरवून शब्द नेमका कुठं सुरू होतो ते शोधायचं, तिथं मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, टेप धातूच्या खाचेत बसवायची आणि ब्लेडनं तिरकी कापायची. तिरकी अशासाठी, की एक आवाज खाडकन तुटून दुसरा सुरू होऊ नये, एकातून दुसऱ्यात सरकावा. मग दोन्ही टोकं जुळवून पाठीमागून चिकटपट्टी. कापलेले तुकडे आम्ही गळ्यात अडकवून ठेवायचो, कारण नको म्हणून काढलेला एखादा श्वास तासाभरानं हमखास हवा व्हायचा.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. एका मुलाखतीत एका बाईंना विचारलं होतं, "भावाला तुम्ही माफ केलंत का?" त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "हो." मधली शांतता दोन सेकंदांची होती, म्हणजे टेपवर ७६ सेंटिमीटर. कार्यक्रम लांबला होता आणि मी जिथून मिळतील तिथून सेकंद वेचत होते. ती शांतता कापली. जोड इतका साफ बसला की पुन्हापुन्हा ऐकूनही मला तो सापडेना, आणि त्याचा मला अभिमान वाटला.

कार्यक्रम प्रसारित झाल्यावर त्या बाई आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाल्या, "ते 'हो' माझं नाही. ते म्हणायला मला किती जड गेलं, ते तुम्ही काढून टाकलंत." मी त्यांचा एकही शब्द बदलला नव्हता. पण प्रश्न संपताक्षणी आलेलं ते 'हो' ऐकलं तर वाटत होतं, यांच्या मनात कधी काही नव्हतंच. नंतर वरिष्ठांनी मला विचारलं, "का कापलंस?" वेळ कमी होता, याखेरीज माझ्याकडं उत्तर नव्हतं. तोवर तो तुकडा कचऱ्यात गेला होता.

तुझ्या संगणकातल्या टाइमलाइनवर तीच दोन सेकंदं ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं धरली तर, ९६,००० सॅम्पल होतात. मूळ फाईलला धक्का लागत नाही, एक बटण दाबलं की कापलेलं परत येतं. माझ्याहून तू किती सुरक्षित आहेस! पण आता तासाभराच्या मुलाखतीतल्या सगळ्या शांतता सॉफ्टवेअर स्वतःच हुडकून एका झटक्यात उडवतं. ठरावीक पातळीखालचा आवाज ठरावीक काळ राहिला, की ती रिकामी जागा. अडखळत दिलेल्या व्याख्यानाला हे वरदान आहे, मीही वापरते. परंतु माणूस शब्द शोधत गप्प आहे की उत्तर द्यायला धजत नाहीये, हे डेसिबलमध्ये मोजता येत नाही. मला निदान ब्लेड उचलावं लागलं होतं. तुझ्या पिढीच्या हातून असा निर्णय होऊन जातो आणि तो झाल्याचं कळतही नाही.

तुझ्याकडून ते लिखाण मागतात ते याचसाठी, असं मला वाटतं. फक्त ते शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नकोस. फिल्म पुरी झाल्यावर माणूस कारणं आठवत नाही, रचतो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्या त्या रात्री दोन ओळी लिही. आज हा कट इथं का आणला? आधी कुठं होता? काय गेलं त्यात? 'कटची लय बरी वाटली' एवढंच सुचलं तर तेच लिही, पण दुसऱ्या दिवशी त्या जागेवर परत जा.

फोटो-व्हिडिओच्या फाईलसोबतच तिचा इतिहास बांधून ठेवणारं सीटूपीए नावाचं मानक आलंय, ते तुमच्या अभ्यासात असेलच. २०२१ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. चित्र कशानं टिपलं, कुठल्या साधनानं बदललं, याची नोंद त्यातून मिळू शकते. बनावट आवाज आणि चेहऱ्यांच्या या दिवसांत ते मोलाचं आहे. तरी ती नोंद 'काय केलं' एवढंच सांगणार. 'का केलं' ते तुलाच सांगावं लागेल.

आता तुझ्या कच्च्या कटबद्दल. माहितीपटातल्या त्या आजोबांच्या मुलाखतीला तू कॅप्शन दिलीस ते चांगलं केलंस. आवाज असलेल्या रेकॉर्डेड व्हिडिओला कॅप्शन हवीत ही वेब सुलभतेच्या नियमांतली अगदी पहिल्या पायरीची अट आहे. पण प्रश्न आणि उत्तर तू एकाच कॅप्शनमध्ये घातलंस. ज्याला ऐकू येत नाही त्याला आजोबांनी तोंड उघडण्याआधीच उत्तर वाचून झालं. आवाजात तू त्यांची शांतता जपलीस आणि अक्षरांत ती गेली. उत्तराची कॅप्शन ओठ हलतील तेव्हाच येऊ दे. मधे पडदा रिकामा राहिला तर राहू दे.

दुसरं, मोबाईलसाठी केलेला उभा कट. १६:९ च्या आडव्या चौकटीतून पूर्ण उंचीची ९:१६ उभी चौकट काढली की मूळ रुंदीचा तिसरा हिस्साही उरत नाही. चेहरा तू मधोमध धरलास, बरोबर आहे. पण बोलताना आजोबा उजव्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट आवळतात, ते बाहेर गेलं. आडव्या फ्रेममध्ये त्या हातामुळंच मी थांबले होते. त्या वाक्यापुरती चौकट हाताकडं सरकव, चेहरा थोडा कापला गेला तरी चालेल. आणि हा उभा तुकडा वेगळा फिरणार असेल तर तो आजोबांना आधी दाखव. सही त्यांनी माहितीपटासाठी केली होती. आगापिछा नसलेल्या चाळीस सेकंदांचा त्यांनी विचार केला असेल असं मला वाटत नाही.

तुझ्या अभ्यासक्रमाच्या नावात 'उपयोजित' हा शब्द आहे. पुढं कुठलं रुग्णालय, कुठलं संग्रहालय, कुठली संस्था तुला काम देईल. त्यांना दोन मिनिटांत बसणारं, स्वच्छ, आशादायक काहीतरी हवं असेल, आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. तेव्हा 'हा थांबा ठेवा' असं म्हणताना तुझ्याकडं कारण हवं, समोरच्याला पटेल अशा साध्या शब्दांत. 'मला असं वाटतं' या वाक्यावर कुणी दहा सेकंदसुद्धा वाढवून देत नाही. ते शब्द कमवायला हे वर्ष मिळालंय तुला.

कुणी बोलत नसतानाचा खोलीचा मोकळा आवाज मिनिटभर रेकॉर्ड केलास ना? थांब्याच्या जागा सांधायला तो लागेल. फक्त त्यानं नसलेला थांबा तयार करू नकोस, तेही तितकंच सोपं आहे.

आजोबांच्या मुलाखतीची न कापलेली फाईल मला पाठव. पूर्ण, सुरुवातीच्या क्लॅपपासून. रविवारी दुपारी हेडफोन लावून बसते आणि कुठं कुठं थांबावंसं वाटलं त्या वेळा लिहून कळवते. तूही तुझ्या लिहून ठेव, माझ्या बघण्याआधी.

तुझी,
आई