आबांची टाच

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय दिग्या,

फोनवर हे बोलता येत नाही. पलीकडच्या खोलीतून आबा सगळं ऐकतात, कान अजून तिखट आहेत. बाकी घरी बरं. आईचा गुडघा होता तिथंच आहे.

भानगड आबांच्या पायाची. टाचा उलल्या, म्हणून नेहमीसारखा बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, ठिबकणारं तेल भेगेत सोडलं आणि वर मला ऐकवलं, "यंदा झोंबलंच न्हाई बघ. हाताला गुण हाय!" दुसऱ्या दिवशी चिंचोक्याएवढा फोड. तुझ्या टाचेत घातला होता तेव्हा तू मिरजकर तिकटीपर्यंत ऐकू जाईल असा बोंबलला होतास. तेच तेल, आणि ह्या माणसाला पत्ताच नाही! इतक्या वर्षांच्या साखरेनं पायाची जाणीव खाल्लीय रे. तुझ्या काकांचा अंगठा कसा गेला ते तू पाहिलंयस, म्हणून तुलाच लिहितोय.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवला. 10 ग्रॅम दाबाला वाकतो म्हणे. वाकला. "आजोबा, कळलं का?" आबा म्हणाले, "आधी लावा तर!" मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

आता अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. ("अंबाबाईच्या दारात चपला घालून जाऊ व्हय?") बिब्बा कायमचा बंद. कोकमतेल चालेल, पण जखम भरल्यावर, कोरड्या टाचेला. बोटांच्या बेचक्यात नाही, तिथं आधीच ओल असते. आबांना हा सगळा त्यांच्या औषधांचा अपमान वाटतो. तसं कुठंय? चिखल्यांना ते मेंदी लावायचे, तिच्यातल्या लॉसोनला बुरशी मारायचा गुण आहे, हे डॉक्टरच म्हणाले. (रंगलेली बोटं बघून वर्गात तुला 'नवरीबाई' मी म्हणालो नव्हतो. बंड्या म्हणाला. किती वेळा सांगू?) पण बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. भाजलेलं ज्याला कळतं त्यानं तो खेळ खेळावा, तोही जपून.

रोज रात्री तळवा तपासायचा, असं मला बजावलंय. मी खाली बसलो की आबा पाय आखडतात. "नमस्कार करायचा तर कर, वास कशाला घेतोस?" जरा आवाज चढवला तर, "तू मध्ये बिब्बा घालू नगंस." आईचं त्यांनी कधीच ऐकलं नाही. तुझं ऐकतात, का ते देवाला ठाऊक.

वहिनींची बदली झाली का? छोटीची दहावी ना यंदा? गणपतीत या सगळे.

रविवारी आबांना फोन कर. पत्राचं बोलू नकोस. "आबा, माझ्या टाचेला काय लावू?" इथनं सुरुवात कर, मग हळूच त्यांच्या पायावर ये. बिब्ब्यांचा डबा मी माळ्यावर टाकलाय आणि मागच्या खेपेला तू मागून नेलास असं सांगितलंय. विचारलं तर हो म्हण.

तुझा,
पक्या