माझे सहा चेंडू कुठे आहेत?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि उत्पादन विभाग

विषय: माझ्या चेंडूंपासून बनवलेली म्हणून पाठवलेली बॅग माझ्या चेंडूंची नाही, याबद्दल पाचवी तक्रार

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं 27 मिनिटं बोलणं झालं आणि फोन ठेवल्या ठेवल्या हे लिहायला बसले आहे. ऑर्डर क्रमांक, पावती, फोटो हे सगळं आधीच्या चार मेलमध्ये दिलेलं आहे. पुन्हा जोडणार नाही. ते तुमच्याकडे आहे, फक्त ते उघडून पाहायची तसदी कुणी घेतलेली नाही.

मी तुम्हाला क्रिकेटचे सहा लेदर बॉल पाठवले. त्यांची बॅग करून द्यायची असं ठरलं होतं. जी बॅग आली तिच्यात माझ्या चेंडूंचा एक तुकडाही नाही.

जुनं खेळसामान मागवून त्याच्या वस्तू करून देण्याची योजना तुमची आहे, मी मागे लागले नव्हते. तुमच्याच फॉर्ममध्ये ‘या वस्तूची आठवण’ असा रकाना आहे. मी तो पूर्ण भरला. अकरा वर्षं यष्टिरक्षण केलं, त्यातले हे सहा सामने, प्रत्येक चेंडूवर पेनानं तारीख घातलेली. सहावा चेंडू माझ्या शेवटच्या सामन्यातला. त्या दिवशी डाव्या करंगळीचं हाड मोडलं होतं आणि तरीही उरलेली सात षटकं मी यष्ट्यांमागे उभी होते. हे मी तुम्हाला लिहून दिलं, कारण तुम्ही विचारलंत. आता वाटतं, तो रकाना कुणी वाचतच नसावं. मग विचारता कशाला?

माझ्या भावना बाजूला ठेवा, हिशेब पाहा. मी पाठवलेले चेंडू महिलांच्या सामन्यांतले होते. नियमानुसार त्यांचा परीघ 21 ते 22.5 सेंमी असतो आणि वजन 140 ते 151 ग्रॅम. एवढ्या चेंडूवरचं सगळं चामडं उलगडलं तर जेमतेम 150 चौरस सेंमी भरतं. त्यात माझे चेंडू ‘फोर पीस’, म्हणजे कव्हर चार तुकड्यांचं. एका तुकड्याच्या वाट्याला 38 चौरस सेंमीसुद्धा येत नाहीत. तोही गोलाईचा, सपाट करायचा तर भिजवून दाबून बसवावा लागतो आणि कडा छाटल्या की आणखी कमी होतो.

तुमच्या बॅगेची पुढची बाजू 24 सेंमी रुंद आणि 18 सेंमी उंच आहे. मी पट्टी लावून मोजली. 432 चौरस सेंमीचा सलग तुकडा, मध्ये एकही जोड नाही. हा तुकडा कुठल्या चेंडूतून निघाला? पुढची आणि मागची बाजू मिळून 864 चौरस सेंमी होतात आणि माझ्या सहाही चेंडूंचं मिळून चामडं साधारण 900. मग झाकण, बाजूच्या पट्ट्या आणि खांद्याचा पट्टा कशातून आला? खरोखर माझे चेंडू वापरले असते, तर बॅग चोवीस लहान तुकड्यांची गोधडी दिसली असती. मला तीच हवी होती. जोड दिसावेत, चेंडूच्या एका बाजूची चकाकी आणि दुसऱ्या बाजूचा खरखरीतपणा शेजारी शेजारी यावा, म्हणून तर मी पैसे भरले होते.

शिवणीबद्दलही लिहिते, कारण राग मला तिथेच सर्वांत जास्त आला. तुमच्या बॅगेवर चेंडूची शिवण आहे, पण छापलेली. हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही. शिवाय तिच्यात टाक्यांच्या चार ओळी आहेत. चेंडूच्या शिवणीला सहा ओळी असतात. ज्यानं आयुष्यात एकदा लेदर बॉल हातात घेऊन नीट पाहिलाय, त्याला हे माहीत असतं. मी ती शिवण अकरा वर्षं तळहातावर झेलली आहे. आणि झिपच्या आत जिथे कापलेली कड उघडी आहे, तिथे विणलेलं कापड दिसतं. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, विणकाम कधीच दिसत नाही. म्हणजे ही बॅग माझ्या चेंडूंची नाहीच, पण चामड्याचीही नाही. कापडावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, थर दिलेलं हे साहित्य आहे. काही वर्षांत दमट हवेनं ते चिरतं, पापुद्रे निघतात आणि मग ते दुरुस्तही होत नाही. कचरा वाचवण्याच्या नावाखाली तुम्ही मला उद्याचा कचरा नवा कोरा बनवून विकलात.

आता आजच्या फोनबद्दल.

बारा मिनिटं होल्डवर ठेवल्यावर एक गृहस्थ आले. नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. मी वरचं सगळं शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, मटेरियल बॅच प्रोसेसमध्ये येतं.” मी विचारलं, माझ्या चेंडूंची बॅच कुठली? ते म्हणाले, “ते सिस्टिममध्ये दिसत नाही.” मी म्हटलं, ठीक आहे, कव्हर कापून काढल्यावर आतला गाभा उरतो, तो तरी परत पाठवा. त्यावर त्यांनी विचारलं, “कसला गाभा?”

मी त्यांना समजावून सांगितलं. चेंडूच्या आत बुचाचा गाभा असतो, त्यावर दोरा घट्ट गुंडाळलेला असतो, कव्हर त्याच्यावर शिवलेलं असतं. कव्हर काढलंत तर सहा गाभे तुमच्या कारखान्यात असलेच पाहिजेत. हे मी तुमच्या कंपनीच्या माणसाला समजावत होते, ज्या कंपनीच्या पानावर लिहिलंय की आम्ही प्रत्येक चेंडू हातानं उसवतो.

थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “मॅडम, पण तुम्ही ते चेंडू तसेही फेकूनच देणार होतात ना?”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, परत बोला. ते परत बोलले. तेच वाक्य, त्याच सुरात. आणि वर, “बॅग तर छान दिसतेय. पुढच्या खरेदीवर तुम्हाला सवलतीचं कूपन देऊ शकतो.”

नाही, मी ते चेंडू फेकणार नव्हते. फेकायचे असते तर बॉक्समध्ये एकेक कागदात गुंडाळून, विमा उतरवून, पोचपावतीनं पाठवले नसते. इतकी वर्षं कपाटात जपून ठेवले नसते. तुमच्या दृष्टीनं ते भंगार असेल, पण ते भंगार नाही असं सांगूनच तुम्ही धंदा करता. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे तुमच्या प्रत्येक डब्यावर छापलेलं आहे. ज्या माणसाला तुम्ही फोनवर बसवता त्याला हे पटलेलं नसेल, तर ग्राहकाला ते कुठल्या तोंडानं सांगता?

फेकूनच देणार होतात ना. हे वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाही.

मी तुमची नवी ग्राहक नाही, म्हणून याचं जास्त वाईट वाटतंय. चार वर्षांपूर्वी तुमच्याकडून सायकलच्या ट्यूबचा बेल्ट घेतला होता. त्यावर पंक्चर काढल्याचा पॅच तसाच ठेवला होता, व्हॉल्व्हच्या जागी वर्तुळाकार खूण होती. टेनिस रॅकेटच्या तुटलेल्या तारांचं कडं घेतलं, त्यातल्या तारांवर घासल्याच्या खाचा होत्या. कुणीतरी खेळलेलं होतं ते. मी दोन्ही वस्तू कौतुकानं लोकांना दाखवल्या, आमच्या जुन्या संघातल्या तिघींनी माझ्या शब्दावर तुमच्याकडे सामान पाठवलं. त्यांना आता मी काय सांगू?

मला पुढील गोष्टींची लेखी उत्तरं हवी आहेत. माझे सहा चेंडू आज कुठे आहेत? अखंड असतील तर ते आहे तसे परत करा, मला कुठलीही वस्तू बनवून नको. कापले असतील तर चामड्याचे तुकडे आणि सहाही गाभे पाठवा. हरवले असतील तर ‘हरवले’ असं स्पष्ट लिहा, ते ऐकून घेईन, पण बॅच प्रोसेस ऐकणार नाही. भरलेले सगळे पैसे परत हवेत. कूपन नको. आणि ही बॅग ज्या साहित्याची आहे, त्याचं नाव तुमच्या पानावर जाहीर करा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. चेंडू पाठवण्यापूर्वी तुमच्याच अटीप्रमाणे काढलेले फोटो माझ्याकडे आहेत, तारखा त्यात स्पष्ट वाचता येतात. बॅग परत पाठवणार नाही, ती पुरावा आहे. हे कॉल ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड होतात असं सुरुवातीला सांगता, तर आजचा कॉल तुम्ही स्वतः ऐका, एकोणिसाव्या मिनिटापासून.

एक ग्राहक

ता. क. सहा चेंडूंपैकी बाकीचे सापडले नाहीत तरी शेवटचा तरी शोधा. त्याच्या शिवणीपाशी सुकलेल्या रक्ताचा डाग आहे. तो माझ्या करंगळीचा आहे.