शस्त्रक्रियेनंतरच्या सहा आठवड्यांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'तंबाखू सोडा, लवकर तपासा' हे वृत्तपत्रांतून वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. निदान झाल्यावर उपचार कोणत्या क्रमाने होतात आणि कुठे अडतात, याबद्दल मात्र फारसे छापून येत नाही. तोंडाचा कर्करोग आपल्याकडील पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, म्हणून हे पत्र त्याच्यापुरतेच.

मावा, खर्रा किंवा तंबाखू-चुन्याची गोळी जिथे दाबून ठेवतात, त्या गालाच्या आतल्या बाजूला आणि खालच्या हिरडीवर हा रोग जास्त होतो. मशेरी लावणाऱ्या बायकाही यातून सुटत नाहीत. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट खाताना होणारी आग आणि तोंड कमी उघडणे, ही लक्षणे. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील, तर तपासून घ्यावे. नुसत्या सुपारीनेही गाल आतून आखडतो. तंबाखू नसलेली सुपारी निर्धोक आहे, हा समज चुकीचा आहे.

पहिला वेळ इथेच वाया जातो. दुखत नाही म्हणून जखमेवर जेल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचे कोर्स चालू राहतात. हिरडीच्या गाठीमुळे दात हलू लागला, तर तो उपटला जातो. मग खड्डा भरत नाही आणि रोगाला जबड्याच्या हाडात शिरायला वाट मिळते. हलणाऱ्या दाताजवळची हिरडी वाढलेली किंवा खरबरीत दिसली, तर दात काढण्याआधी तिचा तुकडा तपासायला पाठवावा.

'तुकडा काढला की रोग पसरतो' ही भीती घरोघरी आहे. तसे होत नाही. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा छोटा तुकडा घेतात, काही मिनिटांचे काम आहे. मात्र तपासणीच्या नावाखाली अख्खी गाठ काढून टाकू नये. मूळ जागा आणि तिची खोली कळेनाशी होते आणि पुढच्या शस्त्रक्रियेत किती कापायचे, हे ठरवणे अवघड जाते.

या रोगात शक्य तिथे शस्त्रक्रिया आधी होते. गाठीभोवतीची साधारण एक सेंटिमीटर निरोगी जागा धरून काढतात. हाडाला नुसता स्पर्श असेल तर जबड्याची वरची कड, रोग आत गेला असेल तर जबड्याचा तुकडा. मानेत हाताला गाठ लागत नसली तरी मानेतल्या लसीका ग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या रुग्णांच्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांतील 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण 67.5 टक्के होते.

लहान गाठ पूर्ण निघाली आणि ग्रंथी स्वच्छ असल्या तर बहुधा एवढ्यावर भागते. गाठ मोठी असेल, हाडात गेली असेल किंवा ग्रंथींत रोग सापडला, तर रेडिएशन लागते. ग्रंथीचे आवरण फोडून रोग बाहेर आला असेल किंवा कापलेल्या कडेला पेशी उरल्या असतील, तर सोबत सिस्प्लॅटिन ही केमोही. रेडिएशन शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे आणि नेमके इथेच रुग्ण हातचे जातात. टाके निघतात, जखम भरते, घरच्यांना वाटते संपले. काढलेल्या गाठीचा आणि ग्रंथींचा अंतिम तपासणी अहवाल यायला आठ-दहा दिवस जातात. किडके दात काढावे लागले, तर ती जागा भरायला दहा-बारा दिवस. मग रेडिएशनच्या वेळी चेहरा हलू नये म्हणून मास्क, स्कॅन आणि आखणी. पाचव्या आठवड्यात रेडिएशन विभागात गेलेल्याची मुदत हुकलेलीच असते. अहवाल हाती येताच तिथे जावे आणि खराब दात शक्यतो शस्त्रक्रियेच्याच भुलीत काढून घ्यावेत. रेडिएशननंतर दात काढल्यास जबड्याचे हाड कुजू शकते.

रेडिएशन सहसा आठवड्याला पाच दिवस, असे सहा आठवडे, तीस वेळा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड सोलवटते, गिळवत नाही आणि रुग्ण 'थोडे बरे वाटू दे' म्हणून घरी बसतो. खंड पडला की उरलेल्या पेशी भराभर वाढतात. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून सहा-आठ वेळा गुळण्या कराव्यात, वेदनाशामक मागून घ्यावे, वजन उतरू लागले तर अन्नासाठी नाकातून नळी घालू द्यावी. नळी म्हणजे शेवट आला असे घरचे समजतात. खरे तर तिच्यामुळेच उपचार पूर्ण होतात. तोंड उघडण्याचा व्यायाम दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकेक वाढवत रोज करावा, नाहीतर आखडलेले तोंड पुन्हा उघडणे फार कठीण. या काळात तंबाखू चालू राहिली तर रेडिएशनचा गुण कमी येतो. ती सोडायला 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मिळते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या तिन्ही उपचारांचा समावेश आहे. पण शस्त्रक्रिया एका रुग्णालयात आणि रेडिएशन दुसऱ्या गावी असेल, तर तिथली मंजुरी वेगळी घ्यावी लागते. शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातच आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून त्याची चौकशी करावी.

आमची मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेची तारीख, अहवाल घ्यायला येण्याची तारीख आणि रेडिएशन सुरू करण्याची शेवटची तारीख, या तिन्ही ठळक मराठीत लिहाव्यात. या तारखा रुग्णाच्या गावच्या आशाताईंनाही कळवाव्यात आणि रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी फोन जावा.

आपले,
तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करणारे दंतवैद्य व परिचारिका, सोलापूर