हेडलाइन साधी, शिक्षा मोठी

संपादक साहेब, स. न.

'केसरी'ची हेडलाइन म्हटली की आपल्या सगळ्यांना एकच आठवते, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?'. ६ जुलै १८९७. आता असं थेट विचारल्यावर सरकार चिडणारच, आणि टिळकांना त्याच महिन्यात अटक झाली पण, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की याच अग्रलेखाने आत टाकलं. तर नाही हो! खटला भरला तो १५ जूनच्या अंकावरून, त्यात शिवाजी उत्सवातली भाषणं आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. म्हणजे डोकं विचारलं ते बाजूलाच राहिलं आणि कवितेने १८ महिने सक्तमजुरी लावली.

१९०८ ची तर त्याहून गंमत. मथळे काय, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. आज कोणी वाचलं तर वाटेल खड्डे बुजवण्याची बातमी आहे. आत मजकूर बॉम्बच्या प्रकरणावर आणि सरकारी दडपशाहीवर होता, म्हणून ६ वर्षं मंडाले, वर १००० रुपये दंड. मुंबईच्या गिरणी कामगारांनी मग ६ दिवस संप केला, वर्षाला एक दिवस, हिशोब चोख!

हल्ली मथळा असा असतो की 'वाचून हादरून जाल', आणि आत बघावं तर कांदा दोन रुपयांनी महाग. तुमच्यावर खटला कोण भरणार, आम्ही वाचकांनीच भरला तर.

- एक जुना वाचक, पुणे