नंबर घासलेलं इंजिन

ता. घाटंजी, जि. यवतमाळ
नागपंचमीचा दुसरा दिवस

चि. निलेश,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी त्या नंबर घासलेल्या इंजिनाचं विचारलं तर तू म्हणालास, "बाबा, बाजारात सगळे असंच विकतात," आणि फोन ठेवलास. मी परत लावला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, आणि मधे तुझी आई उभी राहते. म्हणून आज दुकान लवकर बंद करून वहीतला कागद फाडला. अक्षर लागलं नाही तर शेजारच्या खोलीतल्या मुलाकडून वाचून घे.

आधी एक कबूल करतो. आबांच्या यामाहा आरएक्स १०० साठी तू पुण्याहून पाठवलेलं इंजिन मी बसवून पाहिलं होतं.

ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पोतं यवतमाळला उतरलं, तिथून काळीपिवळीने घाटंजीला आणलं. ड्रायव्हर म्हणे, "काका, काय दगडं भरले का बे याच्यात?" संध्याकाळी डिझेलने धुतलं. आरएक्स १३५ चं, पाच गिअरवालं. किक दाबली तर कॉम्प्रेशन असं की पाय वर फेकला. मग मला राहवतं का? रात्री दहाला लाइट आली, आणि साडेबाराला ते आबांच्या गाडीच्या फ्रेममध्ये लटकलेलं होतं. सगळे बोल्ट आधी सैल लावले, इंजिन आपल्या जागी बसू दिलं, मग आवळले. एक बोल्ट आधी कसून आवळला की दुसऱ्याचं भोक रुसतं. मागच्या चकरीपासून पुढच्या चकरीपर्यंत दोरी ताणून पाहिली, चेन सरळ होती. सायलेन्सर आबांचाच लागला. कॉइल आणि सीडीआय, म्हणजे प्लगची ठिणगी सांभाळणारा डबा, मात्र तुझ्या इंजिनसोबत आलेलेच जोडले. वीज करणारा मॅग्नेटो एकाचा आणि सीडीआय दुसऱ्याचा असा संसार मी लावत नाही. वायरांच्या रंगावरही भरवसा ठेवला नाही, मीटर लावून एकेक जोडली.

तुला कॉलेजात शिकवलं असेल, पण हिशोब मी वहीत मांडून पाहिला. आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५०, म्हणजे ९८ सीसी. १३५ चा स्ट्रोक तोच ५०, बोअर ५८. उंची तीच, फक्त रुंदी आठ मिलिमीटर वाढली, आणि झाले १३२ सीसी. एवढ्याशा रुंदीत किती जीव असतो ते मला रात्री एक वाजता पांदणीवर कळलं. विहिरीपर्यंत गेलो. चौथ्यानंतर पायाने चाचपलं तर पाचवा होता. खरं सांगतो, आबांची आठवण झाली आणि मी एकटाच हसलो. कार्बोरेटर मात्र आबांच्या गाडीचा, ९८ सीसीच्या जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचा. १३२ ला तेवढं पेट्रोल पुरत नाही. परत येऊन प्लग काढला तर पांढराफटक. फुल्ल थ्रॉटल दिला असता तर पिस्टन तिथेच भाजला असता. आणि ब्रेक! पुढचा ड्रम ११ हॉर्सपॉवरच्या हिशोबाचा. विहिरीजवळ थांबता थांबता मी तुरीत शिरलो. आईला हे सांगू नको.

सकाळी वहीत नोंद करायला बसलो. तुला माहीत आहे, माझ्या दुकानात इंजिन उघडलं की आधी नंबर लिहायचा, मग तारीख, मग काम. रात्रीच्या घाईत ते राहिलं होतं. उजेडात पाहिलं. सगळा केस काळवंडलेला, आणि नंबरच्या जागी तेवढी एक पट्टी चांदीसारखी चकचकीत. ग्राइंडर फिरवलेला. वर पॉलिश पेपर मारून काळा रंग फासलेला, तो माझ्या डिझेलने निघाला.

चहा तसाच राहिला. आई विचारत होती काय झालं. मी म्हटलं, "काही नाही, इंजिन उतरवतो."

"चोरीचंच असेल कशावरून," असं तू म्हणालास. असेलही दुसरं काही कारण. पण पंचवीस वर्षांत मला नंबर घासायचं चांगलं कारण सांगणारा कोणी भेटला नाही. तू चौथीत असशील. एक दूधवाला आठवड्याला एकदा दुकानात यायचा, काही काम नसायचं, उभा राहायचा, खाली पडलेली इंजिनं पाहायचा. बाजाराच्या दिवशी त्याची गाडी गेली होती. दोन कॅन गाडीसोबत गेले. तो पोलिसांत जाऊन आला होता, पण त्याला वाटायचं, कधीतरी कुठल्या तरी मिस्त्रीकडे त्याचं इंजिन येईल आणि तो नंबरवरून ओळखेल. नंबर त्याला तोंडपाठ होता. सहा-सात महिने आला, मग बंद झाला. तुझं इंजिन कोणाचं आहे मला माहीत नाही. पण कोणाला तरी त्याचा नंबर पाठ असेल.

आता कागदाचं. तू म्हणालास आरसी बुकावर कोण पाहतो. पाहतात. १९९३ ची गाडी, दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायला पासिंगला न्यावी लागते, तिथे इंजिन नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही पाहतात. विमावाले तर अपघात झाल्यावर आधी तेच पाहतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी वाचून घेतलं, तालुक्याच्या वकिलाने दाखवलं. कंपनीने दिलेला तपशील आणि पुस्तकावरचा तपशील वेगळा होईल असा बदल करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आधी मंजुरी, आणि मंजुरी न घेता बदललं तर १४ दिवसांत कळवायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल केला तर एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही आहे. आबांच्या पुस्तकावर ९८ सीसी लिहिलंय. म्हणजे तुझ्या इंजिनचा नंबर शाबूत असता तरी १३२ सीसी त्या पुस्तकात कुठे बसवू? एक एजंट म्हणाला, "होऊन जाते काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका." ज्या कामात टेन्शन घेऊ नका म्हणतात, त्यात मी डबल घेतो.

तुझा उत्साह मला कळतो. जुनं इंजिन माझ्याच्याने होत नव्हतं हेही खरं. आबांनी गाडी कापसाच्या चुकाऱ्यातून घेतली, तेव्हापासून तिचा बोअर चारदा मारला, म्हणजे झिजलेला सिलिंडर घासून मोठा पिस्टन टाकला. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटचा १.००. त्यापुढे पिस्टन येत नाही. लायनर ठोकून परत सुरू करता आलं असतं, पण बेअरिंगचं घरच सैल झालं होतं. या मे महिन्यात घाटंजीहून येताना जाम झाली ना, त्याचं कारण मात्र वेगळंच निघालं. मॅग्नेटोकडचं ऑइल सील उन्हाने लाकडासारखं झालेलं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधूनच, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतूनच, हवा-पेट्रोल वर जातं. सीलने बाहेरची हवा ओढली की पेट्रोल पातळ पडतं, त्याच्यातलं ऑइलही पातळ पडतं, आणि पिस्टन चिकटतो. वीस रुपयाच्या रबराने इंजिन खाल्लं. क्लचकडचं सील गेलं असतं तर निदान पांढऱ्या धुराने बोंब मारली असती, गिअर ऑइल जळायला लागतं ना. मॅग्नेटोकडचं मुकाट्याने जातं.

तर मी काय केलं ते ऐक. आर्णी तालुक्यातल्या एका रिटायर मास्तरांकडे आरएक्स १०० पडून होती, १९९६ ची. म्हणजे या मॉडेलच्या शेवटच्या वर्षातली. गोठ्यात उभी, शेणा-मुताने फ्रेम खालून सडलेली, पण इंजिन सात-आठ वर्षं कोणी उघडलेलं नाही. नंबर १एल१ ने सुरू होणारा, पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळला. मास्तरांनी विक्रीचा कागद करून दिला, आरसी दाखवली, आधारची प्रत दिली, आणि वर माझ्याकडून सातबारा वाचून घेतल्यासारखे दहा प्रश्न विचारले. मला आवडला माणूस. त्यांच्या गाडीची नोंदणी रद्द करायचा अर्ज त्यांनी दिला, इंजिन बदलायचा माझा अर्ज मी दिला. मेक तोच, मॉडेल तेच, सीसी तीच, त्यामुळे साहेबाने फार कुरकुर केली नाही. मंजुरी आली तेव्हाच पाना हातात घेतला.

इंजिन उघडलं. बोअर अजून पहिल्याच मापात. रिंगा बदलल्या, सगळी ऑइल सील बदलली, रीड व्हॉल्व्हची एक पाकळी टोकाला तुटलेली होती ती बदलली. ब्रेक शू दोन्हीकडचे नवे. जेट बदलावं लागलं नाही, वायरी तशाच लागल्या, चेन तीच. तुझ्या १३५ ला जेवढी रात्र गेली त्याच्या निम्म्यात काम झालं. पिकअप? नाही, पाचवा गिअर नाही. विहिरीपर्यंत तेवढाच वेळ लागतो जेवढा आबांना लागायचा.

सध्या रनिंगवर आहे, नव्या रिंगा बसेपर्यंत हळू चालवतो. लिटरला ५० मिली टू-टी ऑइल टाकतो, नंतर ४० वर येईन. धूर करते. तुझी आई म्हणते, "डास तरी पळाले." सलग वीस किलोमीटरच्या वर नेत नाही, थांबवून थंड करतो. पाऊस झाला की काळी माती मडगार्डात इतकी भरते की चाक फिरत नाही, तेव्हा ती तशीही थांबतेच.

आता तुझ्या इंजिनचं. ते मी विकणार नाही, सुटे भागही काढणार नाही. तुला पुण्यात ज्याने दिलं त्याने पावती दिली का? नसेल दिली तर त्याचं दुकान कुठे, पैसे कसे दिले, फोनवरून दिले असतील तर त्याची नोंद, सगळं जपून ठेव. पोळ्याला आलास की दोघं ठाण्यात जाऊ. तू विकत घेतलेलं आहेस, लपवत नाहीस, एवढं सांगायला लाज वाटायचं कारण नाही. तुझे अठरा हजार गेले असं धरून चाल. त्यातले नऊ मी देतो, कापूस निघाल्यावर.

येताना आरएक्स १०० ची क्लच केबल दोन आण, इथे मिळते ती महिन्यात तुटते. आणि मॅग्नेटोकडची ऑइल सील चार-पाच घेऊन ये, चांगल्या कंपनीची. माप बघून घे, बोलीवर घेऊ नको. आई म्हणते, रोडगे करायचे आहेत, तेव्हा दोन दिवस जास्त रजा काढ.

तुझा
बाबा

ता. क. इंजिनचं पोतं पडवीत ठेवलंय. आईने त्याच्यावर लाल मिरच्या वाळत घातल्यात. म्हटलं, पंचनाम्याची वस्तू आहे, तर म्हणाली, "मंग पोलिसायलेही ठेचा देऊ."