टीबीचा जंतू पेशीत कसा तग धरतो तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

टीबीच्या बातम्या तुम्ही छापता, चांगलंच आहे, पण "गोळ्या पूर्ण घ्या" एवढंच असतं, का घ्यायच्या ते कुणी सांगत नाही. आमच्या चोपडा भागात केळी कापणीला जाणारी माणसं दोन महिन्यात खोकला थांबला, भूक लागायला लागली की गोळ्या बंद करतात आणि घरचे पण म्हणतात, झाला ना आता बरा.

खरं म्हणजे फुफ्फुसातली मॅक्रोफेज नावाची पेशी जंतू गिळून आपल्या आतल्या एका पिशवीत बंद करते आणि एरवी तो तिथल्या ॲसिड नि पाचक रसांनी मरतो. टीबीचा जंतू तिथेच तग धरतो, कारण त्याच्या जवळपास ४००० जीन्सपैकी (जनुकांपैकी) काही याच कामाचे आहेत. काही त्या पिशवीत ॲसिड वाढूच देत नाहीत, आणि ईएसएक्स-१ नावाच्या जीन्सच्या गटामुळे पिशवीच्या पडद्यालाच इजा होते. बाळाला देतो त्या बीसीजी लसीतल्या जंतूत याच गटाचा मोठा भाग नाहीये, तो आजार करत नाही त्याचं हे एक मोठं कारण, मला तर हे फार भारी वाटतं.

आत मंद पडून राहिलेले जंतू गोळ्यांनी हळूहळू मरतात, म्हणून साध्या टीबीलाही सहसा ६ महिने लागतात. हे एखाद्या रविवारी चित्रासकट अर्धं पान छापा ना, आणि सोबत अहिराणीत पण लिहा, आमच्याकडे लोक मोठ्याने वाचून एकमेकांना ऐकवतात.

- एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव